लोटन पेंटरचं जाड अक्षर

पारोळ्याच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, सरपंचाची निवड, दशक्रिया, सगळं एकाच मशीनमधून निघतं. फोटोला फेटा हवा की हार, एवढंच विचारावं लागतं. लोटन पेंटरचा धंदा बुडवला तो याच मशीननं. तेव्हा त्यांच्याविषयी मी लिहिणं म्हणजे खाटकानं बोकडाचं चरित्र लिहिण्यासारखं आहे, असं माझी बायको म्हणते. असेलही. पण त्या घरात काय झालं ते मला ठाऊक आहे आणि ठाऊक असून मी पस्तीस वर्षं गप्प बसलो, म्हणून लिहितोय.

लोटन पेंटर आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. आम्ही सगळे त्यांना लोटन आबा म्हणतो. एके काळी धुळ्यापासून जळगावपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना त्यांचे बोर्ड होते. जिनिंग, ढाबे, कापडाची दुकानं, बियाण्याची दुकानं. त्यांचं अक्षर एसटीच्या खिडकीतून सुद्धा ओळखू यायचं. उभा काना म्हशीच्या पायासारखा भरभक्कम आणि वेलांटी, मात्रा मात्र दोऱ्यासारख्या बारीक. जाड आणि बारीक यांत इतका फरक की आपल्याला वाटावं, ही वेलांटी आता तुटणार. पण ती तुटायची नाही. लोक म्हणायचे, "बोर्ड कर, पण लोटनच्या जाड अक्षरात कर." ज्याच्या दुकानावर ते अक्षर नाही त्याचं दुकान नवखं वाटायचं.

आता आतली गोष्ट सांगतो. ते जाड अक्षर लोटन आबांचं नव्हतंच.

आमचं तेव्हा राहत्या घरातच चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्या मागच्या खिडकीतून आबांचं अंगण दिसायचं. आबा पत्र्यावर खडू लावलेली दोरी ताणून सरळ रेघा मारायचे, नंबर दोनच्या ब्रशानं अक्षराची बाह्यरेघ काढायचे आणि पत्रा अंगणात भिंतीला टेकवून बाजारात निघून जायचे. मग त्यांची बायको, कमल अक्का, स्वयंपाक आवरून यायची. पाटावर बसायची आणि चपट्या ब्रशानं त्या रेघांच्या आत रंग भरायची. अक्का डावखुरी. सासूनं तिला डाव्या हातानं कधी वाढू दिलं नाही, देवाला फूल वाहू दिलं नाही. अंगणात पत्र्यासमोर कुणी बघायला नसायचं, तिथे तेवढा तो हात मोकळा असायचा.

पहिल्यांदा झालं ते चुकून झालं. जीवराम शेटच्या कापड दुकानाचा बोर्ड होता. भरता भरता अक्काचा ब्रश रेघेबाहेर गेला आणि एक काना बोटभर जाड झाला. पुसायला टर्पेंटाइन घरात नव्हतं. मग तिनं काय करावं? सगळेच काने तेवढे जाड करून टाकले, म्हणजे चूक दिसायला नको. बारीक रेघांना हातच लावला नाही. आबा संध्याकाळी आले आणि अंगणात उभे राहून ओरडले, "डोया फुटनात का तुन्हा?" ते आमच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांनी सुद्धा ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड द्यायचाच होता, म्हणून तसाच दिला. जीवराम शेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "लोटन, आजपर्यंत असं लिहिलं नाहीस. लांबून दिसतं."

आबांनी मान डोलावली. एवढंच त्यांनी केलं. माझ्या बापानं हे स्वतः पाहिलं होतं आणि पुढे अनेकदा हसत सांगितलं.

तेव्हापासून तसंच चालू झालं. आबा रेघ पूर्वीसारखीच बारीक अंगाची काढत राहिले आणि अक्का दर वेळी ती ओलांडून बाहेर भरत राहिली. त्यांनी तिला कधी "जाड कर" म्हटलं नाही आणि "करू नको" पण म्हटलं नाही. पत्रा टेकवायचे, जायचे. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या इथे खऱ्याच होत्या, फक्त उलट्या. रेघोट्या आबांच्या, पीठ अक्काचं आणि भाकरीवर नाव आबांचं. बोर्डाच्या कोपऱ्यात "लोटन आर्ट" असायचं. ते सुद्धा तीच भरायची.

बाजारात शिडीवर चढून भिंत रंगवायला मात्र बाईमाणूस कसं जाणार? म्हणून भिंती आबा एकटेच रंगवायचे. लग्नघराच्या दारावरची नावं, सिमेंटच्या जाहिराती. त्यात अक्षर साधं, सुटसुटीत, सगळीकडे सारख्याच जाडीचं. वाईट नव्हतं, पण एसटीतून ओळखू आलं नसतं.

दोन हजार दहा साली मी मशीन आणलं. पाच वर्षांत आबांचे बोर्ड उतरले. नंतर हायवे चौपदरी झाला, तेव्हा जुनी दुकानंच पाडली आणि उरलेसुरले पत्रे भंगारात गेले. आबांचा मुलगा सुरतेला एका कंपनीत लागला. आबा ओट्यावर बसून राहायला लागले. माझ्या दुकानासमोरून जाताना ते मान वळवायचे नाहीत आणि मी पण काउंटरखाली काहीतरी शोधत बसायचो.

मग तीन वर्षांपूर्वी दीपमाला आली. जळगावच्या मेहरूणची मुलगी, पुण्यात अक्षरं तयार करण्याचं काम शिकलेली. म्हणजे आपण कॉम्प्युटरवर टाइप करतो ते फॉन्ट बनवायचं काम. लहानपणी मामाच्या गावाला जाताना तिनं ते बोर्ड पाहिले होते आणि आता तिला त्या अक्षराचा फॉन्ट करायचा होता. मथळ्यांसाठी, दुकानांच्या नावांसाठी, पाकिटांवर छापायला. ती बिचारी भंगारवाल्यांकडे जाऊन पत्रे हुडकायची, धुऊन त्यांचे फोटो काढायची. पारोळ्यात आली की माझ्या दुकानात बसायची, कारण मी तिला जुन्या बोर्डांचे पत्ते सांगायचो. मला वाटायचं, आपल्या पापाचं थोडं परिमार्जन होतंय.

पोर हुशार होती. एके दिवशी आबांच्या ओट्यावर तिनं दोन फोटो शेजारी ठेवले. एक पत्र्याचा, एक भिंतीचा. म्हणाली, "आबा, पत्र्यावर काना इतका जाड आणि भिंतीवर एवढासाच. असं का?"

आबा फोटोकडे पाहत राहिले. अक्का दारात तांदूळ निवडत होती. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. आम्ही तिघं, आणि तिघांनाही उत्तर माहीत होतं.

"भिंत रंग पेस ताई," आबा म्हणाले. "पत्रा पेत नही."

भिंत रंग पिते, पत्रा पीत नाही, असं दीपमालानं वहीत लिहून घेतलं. मग तिनं अक्काकडे वळून विचारलं, "आणि काकू, तुम्ही काय करायच्या?"

"मी काय करस? घरना काम करस," अक्का म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

अक्का तसं का म्हणाली, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. नवरा शेजारी बसलेला असताना त्याच्या कामात आपला वाटा बाईनं स्वतः सांगायचा नसतो. तो नवऱ्यानं सांगायचा. आणि मी का बोललो नाही? दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडा, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की आबांनी माझ्याशी दहा-बारा वर्षांनी बोलायला सुरुवात केली होती आणि मला ते गमवायचं नव्हतं.

दोन वर्षांत फॉन्ट तयार झाला. दीपमालानं त्याचं नाव ठेवलं "लोटन". मला तिनं सगळ्यांत आधी दिला. काना जाडजूड, वेलांटी दोऱ्यासारखी आणि प्रत्येक जाड रेघेचं टोक डावीकडे उतरतं कापलेलं. "हा तिरपा काप म्हणजे या अक्षराची खरी ओळख," दीपमाला म्हणाली. "असं कुणीच लिहीत नाही." कसं लिहिणार? उजव्या हाताला तो काप जमतच नाही.

फेब्रुवारीत जळगावला एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. आबांचा सत्कार आणि फॉन्टचं प्रकाशन. आदल्या दिवशी अक्का माझ्या दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे. इकडचं तिकडचं बोलली आणि मग काउंटरवरच्या पट्टीशी चाळा करत म्हणाली, "प्रेमराज, उद्या त्या माईकवर बोलतीन ना?"

"आबा बोलतील की. त्यांचाच सत्कार आहे."

"मन्हं नाव लेतीन का?" ती खाली बघत म्हणाली. "शाल नको माले, नारळ बी नको. भरनारी ही व्हती, इतलं सांगं तरी बस शे."

मी म्हटलं, "घेतील अक्का. का नाही घेणार?" आणि मला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांनी, एवढ्या मानाच्या जागी, माणूस कंजुषी करून करून किती करेल?

दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीतून आम्ही गेलो. अक्कानं जांभळं नऊवारी लुगडं नेसलं होतं, ते मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर निघालं होतं. ती दुसऱ्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. स्टेजवर मागे मोठ्या पडद्यावर "लोटन" लिहिलेलं होतं, माणसाच्या उंचीचं. अक्का त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिचा डावा हात मांडीवर होता आणि एक बोट लुगड्यावर वर-खाली हलत होतं, ते अक्षर भरत असल्यासारखं.

आबांना माईक दिला. ते छान बोलले. आई-वडिलांचे आभार मानले. चौथीच्या मास्तरांचे आभार मानले, ज्यांनी पाटीवर अक्षर गिरवून घेतलं. रंगाच्या दुकानदाराचे मानले, शिडी वाहून नेणाऱ्या भटूचे मानले, जीवराम शेटचे मानले, ज्याला मरून बारा वर्षं झाली. माझे सुद्धा मानले. दर नावाला अक्का किंचित पुढे सरकून बसायची. मग ते म्हणाले, "जय हिंद, जय महाराष्ट्र," आणि माईक परत दिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं पण वाजवल्या.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. दीपमालानं स्टेजवर काळा रंगवलेला पत्रा ठेवला होता. आबांनी सगळ्यांसमोर एक शब्द लिहून दाखवावा म्हणून. आबांनी "खान्देश" लिहिलं. स्वतः भरलं. काने जाड करायला गेले तर ते फुगले, कडा लडबडल्या आणि टोकं उजवीकडे उतरती झाली. आबा हसून म्हणाले, "आता हात थरथरतो." सभागृहानं समजून घेतलं, पुन्हा टाळ्या. दीपमालानं मात्र त्या पत्र्याकडे पाहिलं, मागच्या पडद्याकडे पाहिलं आणि मग दुसऱ्या रांगेत अक्काच्या मांडीवरच्या, अजून हलणाऱ्या डाव्या हाताकडे. तिला कळलं. मी तिच्या तोंडावर ते पाहिलं.

परतीच्या रस्त्यात एरंडोलजवळ आबांनी शाल घडी करून अक्काच्या मांडीवर ठेवायला दिली. तिनं ती काचेजवळ ठेवून दिली.

चार दिवसांनी दीपमालाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला आधी का नाही सांगितलंत?" मग ती म्हणाली, फॉन्टच्या माहितीत नाव घालता येतं, नवी आवृत्ती काढता येते, फक्त काकूंना विचारा. मी विचारलं.

"पोरनी काय चूक?" अक्का म्हणाली. "तिन्ही माले इचारं व्हतं. मीच सांगं, घरकाम करस म्हनीसन. आते त्या सोता सांगतीन तं टाक म्हना. नही तं नको."

त्या म्हणजे आबा, म्हणून दीपमालानं आबांना फोन केला. आबा म्हणाले, "पाहू." पुन्हा केला, तेव्हाही "पाहू." माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, मारझोड नाही, कुणाला फसवलं नाही. पण चाळीस वर्षं जे अक्षर आपलं म्हणून मिरवलं ते आपलं नाही, हे म्हणायला तोंड उघडायचं म्हणजे आयुष्याच्या शेवटी अंगावरचा सदरा उतरवण्यासारखं होतं. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त.

मार्चमध्ये पुण्याहून काम आलं. तिथल्या प्रदर्शनात फॉन्टशेजारी ठेवायला एक खरा पत्र्याचा बोर्ड हवा होता, नवा, त्याच जाड अक्षरात. दहा वर्षांनी काम आलं होतं. आबांनी पत्रा आणला, अस्तर मारलं, दोरी मारली, बाह्यरेघ काढली. आणि नेहमीसारखा अंगणात भिंतीला टेकवून बाजारात निघून गेले.

संध्याकाळी आले तर पत्रा तसाच.

अक्कानं अंगण झाडलं होतं, पत्र्याभोवतीनं झाडलं होतं. आबांनी काही विचारलं नाही. विचारायचं कसं? कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा उघडून पत्र्याजवळ ठेवला, वर चपटा ब्रश. डब्यावर साय धरली. आठवडा गेला, दुसरा गेला. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, कपडे धुवायची. फक्त पत्र्याकडे बघत नव्हती. शेवटी आबांनी स्वतः भरून पाहिलं, पुसलं, परत भरलं, परत पुसलं. मी घराच्या मागच्या खिडकीतून पाहायचो. अडुसष्ट वर्षांचा माणूस पाटावर बसून आपल्याच अक्षराला शरण गेलेला मला पाहवेना.

एप्रिलच्या सुरुवातीला ते दुपारी माझ्या दुकानात आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "प्रेमराज, तुन्हा कॉम्प्युटरमा ते अक्षर शे ना? स्टिकर काढी दे. पत्र्यावर चिकटाडी देसू."

ज्या माणसाच्या नावानं तो फॉन्ट आहे तो माणूस माझ्याकडे त्याचं स्टिकर मागत होता.

"आबा, ते अक्षर तुमच्या घरात आहे," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "स्टिकर कशाला मागता?"

त्यांनी आपले हात काउंटरवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "रेघ मन्ही शे. पन ते जाड मन्हं नही. मन्हं कधी नव्हतंच."

"हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. आणि त्या पोरीला फोन करून सांगा."

"तू चाल मनासंगे," आबा म्हणाले.

बायकोशी दोन शब्द बोलायला त्यांना सोबत लागत होती. मी शटर अर्धं ओढलं आणि गेलो. वाटेत त्यांनी दीपमालाला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की नाव टाक, कमलबाईचं नाव टाक, भरणारी तीच. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, चला, वरातीमागून का होईना, घोडं आलं.

अक्का अंगणात गव्हाचं पोतं सोडत होती. वर्षाचा गहू आला होता, तो वाळवून, निवडून भरायचा होता. आबा पत्र्याजवळ जाऊन उभे राहिले. तिच्याकडे न बघता, पत्र्याकडे बघत म्हणाले, "कमल. भरनारी तू व्हती. जाड अक्षर तुन्हं शे. मी सांगाले पाहिजे व्हतं."

तिनं पोत्याची सुतळी सोडली, बोटाला गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "हाई कोनले सांगी राह्यनात? अठे तं बठ्ठास्ले माहीत शे."

खरंच, त्या अंगणात सगळ्यांनाच ते माहीत होतं. मी मध्ये पडलो. "अक्का, आबांनी फोन करून सांगितलंय दीपमालाला. आता नाव येईल तुमचं."

"तिले सांग, नको टाकू." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्या दिन सभामा मी वाट दखी. बठ्ठास्नं नाव लिधं, शिडी उचलनाऱ्या भटूनं बी लिधं. मी दर नावले वाटे, आते मन्हं. मंग माईक दी टाका." तिनं पदर खोचला. "आते नाव टाकीसन काय करू? मन्हा हातमाधला तो ब्रश त्याच दिन पडना."

"कमल," आबा पुन्हा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. चाळीस वर्षं अक्का त्यांना "त्या" म्हणायची, फार तर "पोऱ्याना बाप". त्या दुपारी ती माझ्याकडे वळली आणि गावातल्या कुठल्याही गिऱ्हाइकानं बोलावं तशी म्हणाली,

"प्रेमराज, लोटन पेंटरले सांग, पत्रा उचली ले. माले अठे गहू वाळाले टाकना शेतस."

आबांनी एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या बाजूनं. पत्रा हलकाच होता. आम्ही फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिनं पोतं आडवं केलं होतं आणि दोन्ही हातांनी गहू पसरायला सुरुवात केली होती.